पर्याय ब

रात्रीचे साडेअकरा. एप्रिल. सात रस्त्यावरची
शेवटची रसवंतीही चरक धुऊन बंद झाली.
सकाळी दहाला वीस प्रश्न द्यायचेत, झालेत एकोणीस.
कूलरमधलं पाणी संपलंय,
तो नुसताच सोलापूर ढकलतोय अंगावर.

एकोणीसांवर हत्तुरे सरांच्या पेन्सिलीचे फराटे :
'वरीलपैकी सर्व' हा पर्याय नव्हे, पळवाट.
'यांपैकी कोणते नाही' असं विचारू नका,
पोराला आजार कळतो, मार्क जातो 'नाही' न दिसल्यानं.
आणि मॅडम, तुमचं बरोबर उत्तर नेहमी सगळ्यांत लांब असतं.
खरंच की.
खोटं येतं आखूड, बिनधास्त,
खरं आपलं अटी घालत, अडखळत.
पन्नाशीला आले, आता शिकतेय
खऱ्याला खोट्याच्या मापात बसवायला.

विसावा प्रश्न राजमल्लू चिलवेरी.
म्हणजे, नाव नाही येणार.
'पुरुष, वय सेहेचाळीस, सूतगिरणीत पिंजण खात्यात बावीस वर्षं.'
नाव गेलं. शेजारी बसलेली बायको गेली,
ओपीडीच्या बाकावरही बिडीची पानं कातरत होती ती.
'छातीवर गठ्ठा ठेवल्यागत व्हायलंय बघा'
याचे इंग्रजीत दोन शब्द झाले.

पुस्तकात आहे : छाती सोमवारी आवळते.
सोमवार लिहिला की शेवटचा बाकसुद्धा
डोळे मिटून योग्य तो गोल काळा करील.
पण राजमल्लूच्या गिरणीला सुट्टी शुक्रवारची.
त्याची छाती भरायची शनिवारी,
सोमवारी जरा सैल,
गुरुवारी तो आमचा जिना न थांबता चढायचा.
लिहिलं, शनिवार.
खोडलं, सोमवार.
पुन्हा शनिवार.
सुट्टीचा वार ठेवला दोन ओळी आधी, गुपचूप.
माणसाला चार गोष्टी विचारायची सवय असेल ज्याला
त्याला सापडेल.

आता पर्याय.
अ, दमा.
क, कापसाच्या धुळीचा तो आजार, ग्रीक नावाचा. हे उत्तर.
ड सुचत नाही.

सर म्हणतात, चुकीचा पर्याय असा हवा
की एखादा बरा डॉक्टर तिथं खरोखर चुकला असेल.

ब, क्षयरोग.

सन दोन हजार नऊ, खोली नंबर अकरा, मी.
थुंकी दोनदा स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ,
तरी सहा महिन्यांच्या गोळ्या.
कारण बाहेर ऐंशी माणसं, आणि खोकला म्हणजे तोच, नाही का.
'लघवी तांबडी होतीया मॅडम, चादरीचा कच्चा रंग उतरल्यागत,'
तो हसला होता.
घरात त्याचं ताट वेगळं झालं.
शेजारची मुलं ओसरीवर यायची थांबली.
वार मी विचारलाच नव्हता.
त्याला निगेटिव्ह मार्किंग नव्हतं.

ड मध्ये काहीतरी भरलं. झोपले.

जूनमध्ये निकालाचा तक्ता आला :
दीडशेपैकी एकेचाळीस जणांनी ब.
ड कुणीच नाही.
संगणकाचा शेरा, 'पर्याय ब उत्तम काम करतो.'
हत्तुरे सरांनी त्याखाली पेन्सिलीनं बरोबरची खूण केली,
पहिल्यांदाच.

मी तक्ता घडी घालून पर्समध्ये ठेवला, परत काढला.
एकेचाळीसांची नावं मागवली नाहीत.
सगळ्या वर्गालाच सांगितलं,
शनिवारी सकाळी सातला कॉलेजची बस,
डबा आणा, नाकाला रुमाल आणा.

गिरणीच्या फाटकावर वॉचमननं वही पुढं केली :
कुणाला भेटायचंय?
मी नाव लिहिलं.
पूर्ण.